न जोडलेलीं पातीं

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शेजारच्या घरांत एक लहानसा वाद उत्पन्न झाला, आणि त्यांत पंच म्हणून मला ओढण्यांत आलें. ज्याचीं तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकविण्यांत गेलीं त्याला व्यवहारांतील वादांत कोणी पंच नेमीत नाहीं, असा माझा आजवरचा अनुभव. त्यामुळें मीं हें आमंत्रण थोड्याशा गर्वानेंच स्वीकारलें. वाद मोटारीच्या गियरासंबंधीं होता. मोटारीच्या अंतरंगाविषयीं माझें ज्ञान बेताचें, हें मीं प्रथमच सांगून टाकलें. परंतु दोनच दिवसांत माझ्या लक्षांत आलें कीं, ज्या प्रश्नापायीं मी वर्गांत इतकीं वर्षें खडू झिजवीत आलों, तोच प्रश्न येथें अल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांचें रूप घेऊन माझ्यापुढें उभा राहिला आहे; आणि वर्गांत त्याचें उत्तर देणें जितकें सोपें वाटे तितकें येथें वाटेना.

त्या घरांतील सर्वांत वडील म्हणजे आबा. एस. टी. चे निवृत्त चालक. रत्नागिरी आगारांतून कोल्हापूर, सांगली, मिरज या मार्गांवर त्यांनीं चौतीस वर्षें गाडी हांकली. आंबा घाट ते किती वेळां चढले-उतरले याचा हिशेब त्यांनीं कधीं ठेवला नाहीं. ठेवला असता तर तो हजारांत भरला असता. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली तेव्हां आबांचा जन्मही झाला नव्हता. तरी ते त्या खात्याविषयीं अशा स्वरांत बोलतात कीं, पहिल्या गाडीचें चाकही यांच्याच हातीं होतें असें नवख्याला वाटावें.

चार वर्षांपूर्वीं विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांच्या डाव्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. शस्त्रक्रिया झाली, चालणें सुधारलें, परंतु क्लच दाबण्याचें बळ त्या पायांत पुन्हां आलें नाहीं. उजवा पाय, डोळे, कान आणि डोकें शाबूत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीं डॉक्टरनें तसा दाखलाही दिला. तेव्हां मुलानें त्यांच्यासाठीं एक जुनी, आपोआप गियर बदलणारी मोटार विकत घेतली.

हा ‘आपोआप’ शब्द मोटारींच्या जगांत बराच जुना आहे. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्ड्स्मोबिल गाडींत ‘हायड्रामॅटिक’ नांवाची गियरपेटी आणली, तेव्हांपासून डाव्या पायाला सुट्टी देण्याचा हा उद्योग चालू आहे. आपल्याकडे मात्र ही सोय दीर्घकाळ श्रीमंतांच्याच दारीं राहिली. २०१४ च्या फेब्रुवारींत मारुती-सुझुकीची सेलेरिओ बाजारांत आली, आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यांतल्या किंमतीला क्लचवांचून चालणारी मोटार मिळूं लागली. तिच्यांतील युक्ति मला फार आवडली, कारण ती मोठी साळसूद आहे. गियरपेटी नेहमींचीच, क्लचही नेहमींचाच. फक्त तो दाबण्याचें व दांडा सरकविण्याचें काम माणसाच्या हातापायांकडून काढून घेऊन संगणकाच्या आज्ञेंत वागणाऱ्या एका यंत्रणेकडे दिलेलें. शिवाय ज्याला हौस असेल त्याच्यासाठीं दांड्याला एक वेगळी खांच ठेवलेली असते. तींत दांडा नेऊन एका दिशेला ढकलला कीं वरचा गियर, उलट दिशेला ढकलला कीं खालचा. शेजारची गाडी याच कुळांतील होती.

आबांनीं ती गाडी मारुती मंदिरापासून भाट्याच्या पुलापर्यंत तीन वेळां नेली-आणली, आणि चौथ्या दिवशीं किल्ली मुलाच्या हातांत ठेवली. म्हणाले, “गाडी बरी आहे. पण ती मी चालवीत नाहीं. ती चालते, मी बसतों. बसायचंच तर मागं बसेन, तिथं पाय तरी लांब करतां येतात.”

त्यानंतर ते ओटीवर बसूं लागले. आमच्या घरांसमोर रस्त्याला बऱ्यापैकी चढ आहे. त्या चढावर येणाऱ्या प्रत्येक अवजड गाडीचा आवाज ऐकून ते डोळे मिटूनच सांगत, “आतां दुसरा टाकील... उशीर केला... कुंथवलीन् बिचारीला.” मी वर्तमानपत्र वाचीत बसलेला असें. प्रथम मला याची गंमत वाटे. पुढें पुढें ऐकवेना. गाण्याचा गळा गेलेला गवई दुसऱ्याच्या मैफलींत बसून मनांतल्या मनांत समेवर मान हालवितो, तसें तें होतें.

नातू येथील तंत्रनिकेतनांत शिकतो. त्यानें यावर एक तोड काढली. शर्यतीच्या मोटारींत चाकामागें दोन पातीं बसविलेलीं असतात; हात चाकावरून न काढतां बोटांनींच तीं ओढलीं कीं गियर बदलतो. या युक्तीचा जन्मही मनोरंजक आहे. जॉन बर्नार्ड या इंग्रज रचनाकारानें फेरारी कंपनीसाठीं १९८९ सालीं जी गाडी आंखली तींत त्यानें प्रथम गियरचा दांडाच काढून टाकला. दांडा गेला म्हणजे चालकाच्या बैठकीची जागा अरुंद करतां येते, आणि अरुंद गाडी वारा चांगला कापते, हा त्यांतील एक हिशेब. ब्राझीलमधील पहिल्याच शर्यतींत नायजेल मॅन्सेलनें ती जिंकून दाखविली. पुढें मात्र त्या वर्षांत ती पुष्कळ वेळां अर्ध्या वाटेंत बंद पडली. आज हीं पातीं महागड्या गाड्यांत कारखान्यांतूनच बसून येतात. शेजारच्या मुलानें तीं घरीं केलीं: जुन्या खिडकीच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, कानशीनें कडा गोल करून, बॉलपेनमधील स्प्रिंगा लावून, आणि पाठीमागें टिचकीसरशीं लागणारीं दोन लहान बटणें बसवून. या बटणांच्या तारा दांड्याखालच्या बटणांच्या तारांना समांतर जोडावयाच्या कीं झालें. गियर बदलण्याची मागणी दांड्याकडून आली कीं पात्याकडून, हें संगणकाला कळावयाचें कारण नाहीं.

एक अडचण होती. चाक फिरतें, आणि फिरत्या वस्तूंतून तार बाहेर काढणें सोपें नसतें. कारखान्यांत त्यासाठीं चाकाखालीं घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक पट्टी असते. तिच्यांतूनच भोंग्याच्या आणि अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या तारा जातात. तिला हात लावणें म्हणजे छातीसमोरच्या स्फोटकाशीं खेळणें. मुलगा शहाणा, त्यानें चाकाला स्पर्श न करतां पातीं चाकामागच्या स्थिर दांडीच्या आवरणावर बसविण्याचें ठरविलें. तीं चाकाबरोबर फिरणार नाहींत, वळणांत बोटांना थोडीं शोधावीं लागतील, पण पिशवीच्या तारांना धक्का लागणार नाहीं. मला त्याचा हा विवेक त्याच्या कौशल्याहून अधिक आवडला. घरीं केलेल्या वस्तूची सर्व जबाबदारी करणाराकडे असते. कारखान्यावर दोष टाकण्याची सोय तिच्यांत नसते.

वाद येथपर्यंत नव्हताच. तो सुरू झाला तो सूनबाईंच्या एका सूचनेनें. त्या एका संध्याकाळीं आमच्याकडे आल्या, माझ्या पत्नीशीं थोडें इकडचें-तिकडचें बोलल्या, आणि मग मला म्हणाल्या, “सर, एक विचारायचं होतं. पातीं बसवूं दे. पण तारा जोडायच्याच कशाला?”

मला प्रथम अर्थबोध झाला नाहीं. त्यांनीं समजावून सांगितलें. आबांना हवें आहे तें गियर बदलल्याचें समाधान. पातें ओढलें, टिच् असा आवाज झाला, थोड्या वेळानें गाडीनें गियर बदललाच, तर आबा संतुष्ट. गियर गाडी आपल्या बुद्धीनेंच बदलील. आबा आतां सत्तरीला आले. मागच्या बाकावर धाकटी मुलगी बसणार. घाईंत कांहीं भलतें ओढलें गेलें तर? “आबांविषयीं माझ्या मनांत कांहीं नाहीं, सर. मला नुसती भीति वाटते.”

त्यांच्या बोलण्यांत कपट नव्हतें, हें मी मुद्दाम नमूद करतों. आजाऱ्याला गोड बोलून औषध पाजणारी, सासऱ्याची मीठ-साखर सांभाळणारी ती बाई. तिच्या दृष्टीनें हीही त्याच जातीची एक काळजी होती. मीं मात्र प्रोफेसरी थाटांत उत्तर दिलें कीं, ही फसवणूक आहे, आणि फसवणूक हेतु चांगला असला तरी फसवणूकच. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “पण तारा जोडल्या तरी काय होणार? हाच सांगत होता कीं, आबांनीं चुकीचा गियर मागितला तर गाडी देणारच नाहीं. गाडी थांबायला आली कीं आबांना न विचारतां ती आपणच खालचा गियर घेणार. म्हणजे शेवटीं राज्य तिचंच. मग तार जोडली काय अन् न जोडली काय, फरक तो कोणता?”

मीं म्हटलें, उद्यां सांगतों. तीस वर्षांच्या अध्यापनानंतर ‘उद्यां सांगतों’ म्हणण्याची पाळी विद्यार्थ्यांनीं माझ्यावर क्वचितच आणली असेल.

रात्रीं मला लॉकची आठवण झाली. १६९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथांत एका माणसाचा दृष्टांत आहे. त्याला झोपेंत उचलून एका खोलींत नेऊन ठेवलें आहे. तेथें ज्याला भेटण्याची त्याला उत्कंठा होती असा मित्र बसलेला आहे. जागा झाल्यावर तो मोठ्या आनंदानें तेथेंच बसून राहतो. दाराला बाहेरून कुलूप आहे हें त्याला ठाऊक नाहीं. तो स्वखुषीनें बसला आहे, यांत शंका नाहीं. पण तो मोकळा आहे काय? लॉक म्हणतो, नाहीं. न जोडलेलें पातें ओढणारे आबा हे त्या खोलींतील गृहस्थ होत. त्यांना तिसरा गियर हवा असेल, आणि गाडी त्याच क्षणीं तिसरा घेईल. इच्छा आणि घटना यांची गांठ पडेल. परंतु ती गांठ योगायोगाची. इतकें मला पटलें. पण सूनबाईंचा प्रश्न यानें सुटत नव्हता. कारण त्यांचें म्हणणें, तार जोडली तरी कुलूप आहेच, किल्ली संगणकाकडे. मग एका कुलुपाला फसवणूक म्हणावें आणि दुसऱ्याला सोय म्हणावें, हें कशाच्या बळावर?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी नेहमींप्रमाणें फिरावयास गेलों तो थिबा राजवाड्याच्या बाजूस. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ च्या अखेरीस पदच्युत झाला, १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेवला गेला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत येथेंच वारला. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठीं हा राजवाडा बांधण्यांत आला. राजवाडा खरा, पण घरखर्चापासून प्रत्येक गोष्टीसाठीं राजाला सरकारकडे अर्ज करावा लागे, आणि देणें-न देणें सरकारच्या मर्जीवर असे. त्या लाल भिंतींकडे पाहतांना मला वाटलें, जोडलेलें पातें म्हणजे थिबाचा अर्ज. तो नामंजूर होईल. पण तो पोंचतो. नामंजुरीचाही कागद परत येतो, आणि त्यावरून राजाला निदान आपण कोठें उभे आहों हें कळतें. आतां अशी कल्पना करा कीं, एखाद्या दयाळू अधिकाऱ्यानें राजाचे सर्व अर्ज एका पेटींत टाकून ठेवले, आणि सरकार आपल्या मनानें जें कांहीं देई त्यालाच ‘महाराजांची विनंती मान्य’ असें लेबल लावून पाठविलें. राजा कदाचित् अधिक सुखी झाला असता. पण त्या दिवसापासून तो कैदीही राहिला नसता. तो खेळणें झाला असता. कैद्याला निदान भिंती खऱ्या असतात.

(अशा पेट्या मीं पाहिलेल्या आहेत. विद्यार्थ्यांच्या सूचनांसाठीं भिंतीवर टांगलेल्या एका सुंदर पेटीची किल्ली वर्षभर कोणालाच सांपडली नव्हती. तें ज्या संस्थेंत घडलें तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं. मीही तेथें होतों, आणि मीही ती शोधली नव्हती.)

तेव्हां नकार आणि न ऐकणें यांत भेद आहे. परंतु हा भेद केवळ मानापमानाचा असता तर सूनबाईंच्या भीतीपुढें मीं तो ताणला नसता. मुलीच्या जिवापुढें सासऱ्याचा मान ठेवा, असें सांगण्याचें धैर्य मला झालें नसतें. खरी गोष्ट मला ओटीवर सांपडली. मी परत आलों तेव्हां आबा डोळे मिटून बसले होते, आणि चढावर एक ट्रक येत होता. “आतां टाकील,” ते म्हणाले. आणि त्यानें टाकला.

हा जो त्यांचा कान, तो चौतीस वर्षांची कमाई आहे. एंजिनाचा सूर चढला कीं कोणता गियर, उतरला कीं कोणता, चाकांवर किती ओझें, उतार किती, हें त्यांना मोजावें लागत नाहीं, ऐकूं येतें. आतां न जोडलेलीं पातीं या कानाला काय सांगतील? आबा खालच्या गियरासाठीं डावें पातें ओढतील. एंजिनाचा सूर बदलणार नाहीं. चार सेकंदांनीं गाडी आपल्या कारणासाठीं वरचाच गियर घेईल. कान सांगेल, ‘काम झालें नाहीं, उलटेंच झालें.’ बोटें सांगतील, ‘मीं तर ओढलें.’ घरचीं माणसें सांगतील, ‘आबा, छान चालतें आहे कीं!’ या तिघांच्या साक्षींत खोटा कोण ठरेल? घरच्या माणसांवर अविश्वास दाखवावा असा आबांचा स्वभाव नाहीं. स्वतः ओढलेल्या पात्यावर त्यांचा अविश्वास बसणार नाहीं. ते अविश्वास दाखवितील तो आपल्या कानावर. ‘वय झालें,’ असें म्हणतील. गुडघा गेला तो विहिरीच्या पायरीवर गेला, त्यांत कोणाचा दोष नव्हता. हा कान मात्र आम्हीं सर्वांनीं मिळून, प्रेमानें, चहा घेतांघेतां घालविला असता.

खोटें बोलण्याविषयीं नीतिशास्त्रांत जें लिहिलें जातें त्यांत बहुधा ऐकणाराला चुकीची माहिती मिळते यावर भर असतो. पण चुकीची माहिती नंतर दुरुस्त करतां येते. माणसाची स्वतःच्या साक्षीवरची श्रद्धा एकदां ढळली म्हणजे तिची दुरुस्ती कोण करणार? म्हातारपणीं तर ती श्रद्धाच माणसाचें उरलेलें भांडवल. आणि जोडलेल्या पात्याचा नकार? तो या भांडवलाला धक्का लावीत नाहीं, उलट त्यांत भर घालतो. वेग फार असतांना खालचा गियर मागितला तर संगणक तो नाकारतो, कारण तो दिला तर एंजिन मर्यादेबाहेर फिरेल. हें कारण आबांना नवें नाहीं. तें त्यांचेंच कारण आहे. तोच विचार ते चौतीस वर्षें स्वतः करीत आले. चार वेळां नकार मिळाला कीं पांचव्या वेळीं ते बरोबर केव्हां मागावें तें शिकतील. ज्याच्याकडून शिकतां येतें त्याच्याशीं माणसाचा व्यवहार चालूं शकतो.

शिवाय घाट आहे. घाटाच्या तोंडाशीं नवख्या चालकाला जुने चालक एकच सांगतात: ज्या गियरांत चढाल त्याच गियरांत उतरा. यामागें भाबडी रूढि नाहीं, गणित आहे. एक हजार किलो वजनाची गाडी चारशें मीटर खालीं उतरते तेव्हां सुमारें ३९ लक्ष ज्यूल ऊर्जा तिला कोठें तरी टाकावी लागते. तेवढ्या उष्णतेनें ११ लिटरांच्या आसपास गार पाणी उकळूं लागेल. गाडी खालच्या गियरांत असेल तर त्यांतला बराच भार एंजिन अडवून धरतें. वरच्या गियरांत असेल तर तो सारा ब्रेकांवर येतो. ते तापतात, तापल्यावर त्यांची पकड सुटूं लागते, आणि तेलांत पाणी मुरलेलें असेल तर तें उकळून पायाखालचा पेडल पोकळ लागतो. आपोआप गियर बदलणाऱ्या पुष्कळ गाड्यांची खोड अशी कीं, उतारावर चालकानें पाय सैल सोडला कीं आतां बळाची गरज नाहीं असें समजून त्या वरचा गियर घेतात. त्यांना पुढचा रस्ता दिसत नाहीं. पुढें उतार संपला आहे कीं सुरू झाला आहे हें त्यांना ठाऊक नसतें. तें आबांना ठाऊक असतें. अशा वेळीं ‘मीं दुसऱ्यांत ठेवली आहे’ अशा समजुतीनें एखादा माणूस निश्चिंत असेल आणि तार मुळीं जोडलेलीच नसेल, तर मागच्या बाकावरची मुलगी कोणाच्या भरंवशावर बसली आहे? भीतीपोटीं जें सुचलें तेंच भीतीचें खरें कारण ठरणार होतें.

येथें माझ्या पत्नीनें एक आक्षेप घेतला, तो टाळतां येण्यासारखा नव्हता. ती म्हणाली, “दांडा आहे ना? दांड्यानंही गियर मागतां येतोच. मग आबांना पातीं कशाला हवींत? हे सगळे शर्यतीचे लाड.” खरें आहे. केवळ घाट उतरण्यासाठीं दांडा पुरेसा आहे. वळणावर दोन्ही हात चाकावर राहतात हा पात्यांचा फायदा खरा, पण तेवढ्यासाठीं कोणी कानस घेऊन बसत नाहीं. पातीं नातवाला करावयाचीं होतीं म्हणून झालीं, आणि नातवानें केलीं म्हणून आबांना हवीशीं वाटलीं. दांडा कारखान्यानें दिला होता. मला यांत लपविण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप माझा मीच घेतला. ‘मी चालवितों’ असें म्हणण्याचा अधिकार कोणाला तरी पूर्णपणें असतो काय? आबांच्या उमेदवारीच्या काळांत गियर बदलतांना क्लच दोनदां दाबावा लागे, मध्यें एंजिनाचा वेग जुळवून घ्यावा लागे. पुढें हें जुळवून घेण्याचें काम गियरपेटीच करूं लागली. परदेशांत १९२८ सालच्या कॅडिलॅक गाडींतच ती सोय झाली होती. आबा आपल्या नंतरच्या पिढीच्या चालकांना याच कारणासाठीं ‘बसणारे’ म्हणत. म्हणजे ज्यानें जेथें काम शिकलें तेथें तो खऱ्या चालविण्याची रेघ मारतो, आणि त्या रेघेच्या अलीकडचें सारें त्याला लटकें वाटतें. रत्नागिरींत जन्मलेल्या टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत बसून ज्या ग्रंथाचें रहस्य उलगडलें (थिबाचें गांव आणि टिळकांचें गांव यांची ही अदलाबदल दैवानें मोठ्या मार्मिकपणें केली आहे), त्या गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं कारणें पांच सांगितलीं आहेत. कर्ता हा त्यांपैकीं केवळ एक. स्थान, साधनें, निरनिराळ्या क्रिया आणि दैव हे बाकीचे चार भागीदार. केवळ मीच करणारा असें मानतो त्याला तेथें अजाण म्हटलें आहे. आबांच्या एस. टी. तही रस्ता, एंजिन, वाहकाची घंटा आणि समोरून येणाऱ्याची अक्कल हे भागीदार होतेच. मग एक संगणक वाढला म्हणून बिघडलें कोठें?

कांहीं बिघडलें नाहीं. आणि जोडलेल्या पात्याला लटकें म्हणतां येत नाहीं तें याचमुळें. पांचांतला एक म्हणून राहतां येतें. न जोडलेल्या पात्यानें आबा त्या पांचांतून वगळले जात होते, आणि वगळल्याची बातमीही त्यांना दिली जात नव्हती. लहान मुलाच्या हातांत खोटें चाक देऊन आपण त्याला शेजारीं बसवितों, त्याची गोष्ट वेगळी. तें चाक खोटें आहे हें दोघांनाही ठाऊक असतें. त्याचेंच नांव खेळ. आबांना असें विचारून पाहा: ‘आबा, हीं पातीं कशालाच जोडलेलीं नाहींत, नुसतीं ओढायला ठेवलीं आहेत, चालेल ना?’ जें विचारतां येत नाहीं तें करूं नये, अशी एक कसोटी त्या संध्याकाळीं मला पुरेशी वाटली.

मीं सूनबाईंना हें सारें सांगितलें नाहीं. लॉक आणि थिबा घरींच ठेवले. कानाची गोष्ट तेवढी सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या ध्यानांत हें आलंच नव्हतं. पण भीति काय जात नाहीं हो, सर.” ती जावयास नकोच होती, भीति रास्तच होती. तेव्हां असें ठरलें कीं, जोडणी एका अनुभवी विद्युत्-कारागिराकडून तपासून घ्यावी. महिनाभर आबांनीं सकाळच्या वेळीं, मोकळ्या रस्त्यावर, नातवाला शेजारीं घेऊनच गाडी चालवावी. मुलगी इतक्यांत नको. कायद्याचा प्रश्न मुलानें काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करूं देत नाहीं. दोन पट्ट्यांनीं तसें कांहीं होत नाहीं असा माझा समज. पण माझ्या समजावर गाडी रस्त्यावर आणूं नये, परिवहन कार्यालयांत आणि विमा कंपनीकडे आधीं विचारावें, असें मीं सुचविलें. मुलगा विचारून आला, आणि मगच तारा जोडल्या गेल्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारीं आम्ही साखरप्याहून आंबा घाट चढलों आणि वर चहा घेऊन परत फिरलों. आबा चाकावर, नातू शेजारीं, मी मागें. सूनबाई आल्या नव्हत्या. परंतु निघतांना त्यांनीं माझ्या हातांत भ्रमणध्वनि देऊन, घाट उतरलों कीं कळवा, असें बजावलें होतें. उताराच्या पहिल्याच वळणाआधीं आबांनीं डावें पातें ओढलें. टिच् झालें, पण एंजिनाचा सूर बदलला नाहीं. मी आंतून चपापलों. नातवानें तोंड उघडलें, तोंच आबांनीं डाव्या हातानें त्याला थांबविलें, ब्रेकवर हलकासा पाय ठेवला, वेग थोडा पडूं दिला, आणि पुन्हां ओढलें. या वेळीं एंजिन गुरगुरलें आणि गाडी मागें खेंचल्यासारखी सांवरली.

“नाहीं म्हणाली,” आबा म्हणाले. “बरोबर होतं तिचं. मीं घाई केली.”

मग खालीं येईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. एका ठिकाणीं वळण सुटून रस्ता सरळ झाला तेव्हां त्यांनीं उजवें पातें ओढण्यापूर्वीं क्षणभर मान तिरपी केली. ओटीवर करतात तशीच.

सूनबाईंची ती सूचना आबांना अद्याप कोणीं सांगितलेली नाहीं. मींही नाहीं. फसवणुकीविरुद्ध एवढें बोलून शेवटीं मीही एक गोष्ट झांकून ठेवली आहे, आणि ती झांकणें योग्य कीं अयोग्य याचा निर्णय मला अजून करतां आलेला नाहीं. हा लेख छापून येईल तेव्हां आबा तो वाचणार नाहींत. मासिकें सूनबाई वाचतात, आणि लिहिण्यास त्यांची परवानगी घेतली आहे. आबांची सध्यांची तक्रार निराळीच आहे. डावें पातें बोटाच्या रुंदीइतकें खालीं हवें होतें, असें ते रोज सांगतात, आणि नातू रोज सायंकाळीं कानस घेऊन बसतो.